ऊर्णनाभाचा सहवास

मनुष्य प्राणी पाळतो तो उपयोगासाठीं किंवा प्रेमासाठीं, असें सामान्यतः समजलें जातें. गाय दूध देते, मांजर उंदीर मारतें, कुत्रा घर राखतो. आणि यांपैकीं कांहींच न करणारा पोपट निदान आपलें नांव घेऊन हांक मारतो, तेवढ्यानें त्याच्या डाळ-मिरचीचा खर्च वसूल झाला असें यजमानास वाटतें. परंतु ज्याचा उपयोग नाहीं, जो प्रेम करीत नाहीं, आणि आपला धनी कोण हें ज्यास जन्मांत कळावयाचें नाहीं, असा प्राणी घरांत आणून त्याची वीस-पंचवीस वर्षें बडदास्त ठेवणारे लोक इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत पुष्कळ आहेत. त्या मंडळींत आम्ही गेल्या तीन वर्षांपासून मोडतों. या विषयावर मराठींत फारसें लिहिलें जात नाहीं, आणि जें कानांवर येतें तें बहुधा भीतीचें किंवा फुशारकीचें असतें. म्हणून दोन गोष्टी लिहून ठेवाव्या असें मनांत आलें.

हा प्राणी म्हणजे टॅरंटुला या नांवानें ओळखला जाणारा मोठा केसाळ कोळी. त्याच्या नांवाची हकीकत गमतीची आहे. दक्षिण इटलींत तारांतो म्हणून एक शहर आहे. त्याच्या आसपासच्या शेतांत मध्यम आकाराचा एक कोळी असतो. तो चावला असतां मनुष्यानें बेहोष होईपर्यंत नाचावें, तरच विष उतरतें, असा तिकडील शेतकऱ्यांचा जुना समज होता. तारांतेला नांवाच्या नृत्याचा संबंध याच समजुतीशीं जोडला जातो. वस्तुतः त्या बिचाऱ्या कोळ्याच्या विषानें कोणास नाचण्याचें कारण नाहीं. आणि आज आपण ज्यांस टॅरंटुला म्हणतों त्यांचें व त्याचें कूळही निराळें. परंतु युरोपांतील लोक अमेरिकेंत गेले, तेथें पसरल्या पंजाएवढे कोळी पाहून त्यांची पांचावर धारण बसली, आणि आपल्या माहितीच्या कोळ्यांत जो अधिक बदनाम त्याचें नांव त्यांनीं या नव्या प्राण्यास देऊन टाकलें. अशा उसन्या नांवाच्या या कुळांत आज हजाराहून अधिक जाति गणल्या गेल्या आहेत.

मारिया सिबिला मेरियान या विदुषीनें सुरिनाम देशांतील कीटकांवर १७०५ सालीं जो सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पेरूच्या फांदीवर बसून एक चिमुकला पक्षी खात असलेला असा कोळी दाखविला आहे. या चित्रानें पुढें दीडशें वर्षें विद्वानांत वाद चालला. कोळी पक्षी खाईल हें कोणास खरें वाटेना, आणि बाईंच्या पदरीं भोळेपणाचें किंवा थापेबाजीचें माप पडलें. शेवटीं हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें आपल्या १८६३ सालच्या ॲमेझॉन-प्रवासाच्या ग्रंथांत, कोळ्यानें धरलेले दोन लहान पक्षी आपण डोळ्यांनीं पाहिल्याचें लिहिलें, तेव्हां बाईंची अब्रू परत आली. याच बेट्सनें आणखी एक गोष्ट ओझरती नमूद केली आहे. त्याच्यासाठीं कीटक गोळा करणाऱ्या तेथील एका कुटुंबांतील मुलें अशाच एका कोळ्याच्या कमरेस दोरी बांधून त्यास कुत्र्याप्रमाणें घरभर फिरवीत होतीं. टॅरंटुला पाळल्याचा आमच्या वाचनांतील हा सर्वांत जुना दाखला होय. कुत्र्यास त्यांत कितपत अपमान वाटला असता तें सांगवत नाहीं. पण कोळ्यास तो प्रकार मुळींच मानवला नसेल, इतकें आतां आम्ही अनुभवानें सांगूं शकतों.

आपल्याकडे कोळ्याचा मान पूर्वींपासून थोर आहे, पण तो ग्रंथांत. उपनिषत्कारांनीं त्यास सृष्टीच्या उत्पत्तीच्या दृष्टान्तासाठीं बोलाविलें. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले त्यांत ऊर्णनाभ आहे, आणि नाथांनीं त्यावर मराठींत टीका केल्यामुळें तो आपल्या बायाबापड्यांसही परिचित झाला. घरांत मात्र या गुरूची पूजा आपण केरसुणीनें करतों. दिवाळीपूर्वीं कोळिष्टकें झाडावयाचीं, आणि त्यांबरोबर कोळीही. आमच्या घरीं जेव्हां हा विषय प्रथम निघाला तेव्हां आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, कोपऱ्यांत एवढेंसें जाळें दिसलें तर जीव खालींवर होणारी मी, आणि तुम्ही पैसे मोजून कोळी आणणार? झाडायचा कुणी तो?" या प्रश्नास शास्त्रीय उत्तर आहे, आणि तें आम्हीं दिलेंही: आम्ही म्हणतों तो कोळी छतास जाळें लावीत नाहीं, तो जमिनींत किंवा आडोशास राहतो. उत्तराचा परिणाम व्हावा तसा झाला नाहीं.

विषय निघाला तो आमच्या नातीमुळें. आम्ही इंग्लंडांत मुलाच्या बिऱ्हाडीं असतों. नात तेव्हां नऊ वर्षांची होती. शाळेंत कोणी गृहस्थानें असा कोळी आणून दाखविला, आणि त्या दिवसापासून तिनें कुत्रा, मांजर, ससा या मागण्या एकदम मागें घेतल्या. सून नोकरीची, मुलगा फिरतीचा. तेव्हां जो प्राणी आणावयाचा त्याचा खरा पालक कोण होणार हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. म्हणून निवडही आमच्याकडेच आली. वय एकसष्ट, पूर्वानुभव शून्य.

दुकानांत पाऊल टाकतांच एका उभ्या कांचेच्या पेटीनें आम्हांस खिळवून ठेविलें. सालीच्या तुकड्यावर गडद निळ्या अंगाचा, पिवळ्या-पांढऱ्या नक्षीचा एक कोळी पाय पसरून चिकटला होता. निळा तरी कसा, पैठणीच्या कारागिरानें उसना मागावा असा. पेटीवर नांव होतें, 'गूटी सफायर', म्हणजे गूटीचें नीलरत्न. ही गूटी म्हणजे आंध्रांतील गुत्ती. मुरारराव घोरपड्यांची गुत्ती! ज्या किल्ल्याचें नांव मराठ्यांच्या कर्नाटकांतील राजकारणांत पानोपानीं येतें, त्या गांवचा रहिवासी सातासमुद्रांपलीकडे कांचेआड बसलेला पाहून आम्हांस क्षणभर देशबांधव भेटल्यासारखें झालें. पोकॉक या शास्त्रज्ञानें १८९९ सालीं गुत्तीस सांपडलेल्या एकाच नमुन्यावरून या जातीचें वर्णन केलें. पुढें शंभर वर्षें तो कोणास दिसला नाहीं. २००१ सालीं तेथून बऱ्याच अंतरावर, नंद्याळ व गिद्दलूर यांच्यामधील जंगलांत तो पुन्हां सांपडला. जुन्या झाडांच्या ढोलींत तो राहतो, आणि जंगलतोडीनें त्या ढोलीच नाहींशा होत आहेत. म्हणून आज तो अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत गणला जातो. युरोपांतील कांचेच्या पेट्यांत मात्र त्याची संतति जोरानें वाढत आहे. देशीं दुर्मिळ आणि परदेशीं सुलभ, ही अवस्था आपल्या पुष्कळ वस्तूंची झालेली आहे. पण वस्तु कांहीं कापल्या जाणाऱ्या झाडांत राहत नाहींत.

येथें मायदेशीच्या वाचकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. याच गोत्राचे कोळी सह्याद्रींतही आहेत. त्यांचेच भाऊबंद घाटांतील दरडींच्या बिळांत राहतात. हा लेख वाचून कोणा उत्साही तरुणानें कुदळ घेऊन निघूं नये. निळ्या कोळ्याचें सर्व गोत्र २०१९ सालीं प्राण्यांच्या व्यापारासंबंधींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत घेण्यांत आलें आहे, आणि अशा यादींतील प्राणी जवळ बाळगणाऱ्यांवर २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंही नोंदणीचें बंधन घातलें आहे. कायदा बाजूस ठेवला, तरी बिळांतून काढलेली मादी ही दहा-पंधरा वर्षें एकाच जागीं काढलेली गृहिणी असूं शकते. तिला उचलून आणणें यास पाळणें हा शब्द आम्ही लावणार नाहीं.

तो निळा कोळी घ्यावा असें आम्हांस फार वाटलें; दुकानदारानें देण्याचें नाकारलें. त्याचें कारण त्यानें थोडक्यांत सांगितलें तें असें. टॅरंटुलांचे ढोबळ मानानें दोन वर्ग. आशिया-आफ्रिकेंतील कोळी चपळ, तापट, आणि चावण्यास लवकर प्रवृत्त होणारे. निळ्या कोळ्याच्या गोत्राचा दंश झाल्यास स्नायूंत पेटके येतात, आणि ते कधीं कधीं पुष्कळ दिवस पिच्छा सोडीत नाहींत. अमेरिका खंडांतील बहुतेक कोळी मंद, सोशिक. त्यांचा दंश मधमाशीच्या मानाचा समजतात. टॅरंटुलाच्या विषानें मनुष्य मेल्याचें एकही सिद्ध झालेलें उदाहरण नाहीं, हें भित्र्या वाचकांच्या समाधानासाठीं सांगून ठेवतों. परंतु या सोशिक वर्गाजवळ दुसरें एक शस्त्र आहे. त्यांच्या पोटावर सूक्ष्म काटेरी केस असतात. त्रास झाला कीं मागच्या पायांनीं पोट घासून ते केस हवेंत उडवितात. कातडीस लागले तर खाजकुइलीची आठवण होते. डोळ्यांत गेले तर गोष्ट हंसण्यावारी नेण्याची नव्हे. इंग्लंडांतील एका तरुणाच्या बुबुळांत असे केस रुतून त्याचा डोळा दीर्घकाळ दुखत राहिल्याचा वृत्तांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत २०१० सालीं आला होता. पेटी साफ करतांना त्याची पाठ वळली नव्हती, एवढाच त्याचा अपराध. आम्ही पेटी उघडण्यापूर्वीं चष्मा चढवितों, आणि आमच्या नातीस तिच्या आईचा पोहण्याचा चष्मा दिलेला आहे.

मग आमच्यापुढें तीन पेट्या मांडल्या गेल्या. पहिलींत चिली देशांतील गुलाबी छटेची एक पूर्ण वाढलेली मादी होती. किंमत थोडी, स्वभाव गरीब. पण ती रानांतून धरून आणलेली, वय ठाऊक नाहीं. या जातीचे कोळी पूर्वीं रानांतून धरून परदेशीं पाठविण्याचा मोठा व्यापार चाले. मेक्सिकोंतील तांबड्या गुडघ्यांच्या देखण्या जातीवर तर अशी पाळी आली कीं १९८५ सालीं तिचा व्यापार कराराखालीं आणावा लागला. दुसऱ्या पेटींत, पेटी कसली, औषधाच्या डबीएवढ्या डबींत, त्याच मेक्सिकन जातीचें नखाएवढें पिल्लूं होतें, पाळलेल्या आईबापांचें. तिसरींत मध्य अमेरिकेंतील, कुरळ्या केसांची, तपकिरी रंगाची एक मादी. बंदिवासांतच जन्मलेली, पांच वर्षांची. दिसावयास तिघींत हीच सामान्य. तिच्या गोत्राचें शास्त्रीय नांव तिकडील नाहुआत्ल भाषेंतून घेतलें आहे, त्याचा अर्थ 'काळा कोळी'. आणि जातीचें नांव लॅटिन, त्याचा अर्थ 'पांढऱ्या केसांची'. काळी आणि पांढरी मिळून तपकिरी होते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब असावा.

निवड करतांना रूप, किंमत आणि स्वभाव हे तीन विचार सर्व पुस्तकांत सांगितलेले असतात. चौथा विचार वयाचा, आणि आमच्या मतें तोच पहिला असावा. या प्राण्यांत नर वयांत आला कीं त्याचें आयुष्य संपत येतें; वर्षभर किंवा थोडें अधिक तो भटकतो आणि मरतो. मादी मात्र वयांत आल्यावरही दरवर्षीं-दोनवर्षांनीं कात टाकीत जगत राहते. कुरळ्या केसांच्या मादीस वीस वर्षें सहज, मेक्सिकोच्या मादीस पंचवीस-तीसही. याच मोठ्या गणांतील, पण बिळास झांकण लावणाऱ्या दुसऱ्या कुळांतील एका ऑस्ट्रेलियन मादीवर बार्बारा यॉर्क मेन या विदुषीनें १९७४ सालापासून नजर ठेविली होती. ती २०१६ सालीं नाहींशी झाली तेव्हां ४३ वर्षांची होती, आणि तीही वार्धक्यानें गेली नाहीं, गांधीलमाशीच्या जातीच्या कीटकानें तिचा घात केला असावा असें दिसून आलें. आतां आमचा हिशेब पाहा. नखाएवढें पिल्लूं घेतलें आणि तें मादी निघालें, तर तें वयांत येण्यासच आमचीं सात-आठ वर्षें जाणार. पुढचीं वीस कोणाचीं? पिल्लूं नर निघालें, तर नात ऐन वाढीच्या वयांत असतां तें मरणार. रानांतील मादीचें वय माहीत नाहीं. ती उद्यां जाईल किंवा आम्हांस पोंचवून जाईल. पांच वर्षांच्या मादीचीं निदान पंधरा वर्षें उरलेलीं. आम्ही शहात्तरचे होऊं, नात चोवीस वर्षांची. हा हिशेब आम्हीं दुकानांतील काउंटरवर पावतीच्या मागें पेन्सिलीनें मांडला, आणि तपकिरी मादी घरीं आणली. मादी कोळ्यास कोळीण म्हणावें तर डोळ्यांपुढें मासळीबाजार उभा राहतो. म्हणून घरांत तिला नुसतें 'ती' म्हणतात. आमचें कुटुंब 'तुमची ती' म्हणतें.

राहण्याची व्यवस्था आश्चर्य वाटावें इतकी साधी आहे. वीतभर रुंद, दीड वीत लांब अशी कांचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची पेटी, बाजूंस हवेचीं भोकें, घट्ट झांकण. झांकणास जाळी नसावी. नखें अडकून पाय तुटतो. पेटी उंच नसावी, हें मुख्य. नवीन मनुष्य प्राण्यास मोकळीक म्हणून उंच पेटी घेतो, कोळी कांचेवर चढतो, पडतो, आणि पोट फुटून मरतो. त्याचें पोट म्हणजे पाण्यानें भरलेली पातळ पिशवी. म्हणून तळाशीं माती इतकी भरावी कीं पडलाच तर वितीहून अधिक पडूं नये. ही माती म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो विटेप्रमाणें दाबून विकतात. पाण्यांत टाकतांच फुगतो. आमच्या विटेच्या वेष्टनावर ती भारतांतून आल्याचें छापलें होतें. ओल्या सोडणाचा तो वास स्वयंपाकघरांत पसरला तेव्हां ज्यांचें माहेर रत्नागिरीकडील, त्या आमच्या कुटुंबाचा या प्रकरणास असलेला विरोध प्रथमच किंचित् सैल झाला. आडोशास त्यांनींच नारळाची अर्धी करवंटी कांठ घांसून दिली. एका कोपऱ्यांत पाण्याची उथळ वाटी. दिवा नको, शेगडी नको. ज्या खोलींत मनुष्यास सुखानें बसतां येतें तेथें त्यालाही चालतें. एवढ्यानें संसार पुरा झाला.

आणि येथूनच नवशिक्याची खरी परीक्षा सुरू होते, कारण यापुढें त्यास करावयाचें असें फारसें कांहीं उरत नाहीं. आठवड्यांतून एकदां एक रातकिडा. तिनें न घेतल्यास दुसऱ्या दिवशीं तो काढून घ्यावयाचा. पाणी बदलावयाचें. खाल्लेल्याची उरलेली गोळी चिमट्यानें उचलावयाची. बाकी सारें वर्ज्य. हातावर घेऊं नये, पेटीची जागा बदलूं नये, आडोसा उचलून पाहूं नये, उगाच ओलावा करूं नये, खात नाहीं म्हणून पुन्हां पुन्हां खाणें घालूं नये. आमचा स्वभाव, आणि आमच्या समाजाचाही स्वभाव, याच्या अगदीं उलट. आमच्याकडे प्रेम म्हणजे आग्रह. पाहुणा नको म्हणाला कीं पानांत लाडू पडलाच पाहिजे. घरांत कोणी दिवसभर न बोलतां कोपऱ्यांत बसला तर त्याची विचारपूस झालीच पाहिजे. असल्या घरांत, जिचें क्षेम तिला न विचारण्यावर अवलंबून आहे अशी व्यक्ति येऊन राहिली. पहिल्या महिन्यांत घरांतील प्रत्येकजण येतां-जातां पेटीवर टिचकी मारी. तिला नीट दिसत नाहीं; डोळे आठ असून दृष्टि अधू; पण पायांच्या केसांनीं ती जमिनीचा कंप जाणते. आमची टिचकी तिला भूकंपासारखी असणार. आम्हीं पेटीवर कागद चिकटविला: 'हात लावूं नये.' वस्तुसंग्रहालयांतील ही पाटी आमच्या दिवाणखान्यांत आली.

खाद्याचा प्रश्न आमच्या घरीं अधिक नाजूक होता. पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे मांसाशन नाहीं. रातकिडे जिवंत आणावयाचे, डब्यांत ठेवावयाचे, आणि एकेक करून मृत्युमुखीं द्यावयाचे, हें काम करतांना प्रथम आमचा हात जड झाला. जीव जीवावर जगतो, हें तत्त्वज्ञान आम्हीं मनाशीं पुष्कळ घोळविलें. पण तत्त्वज्ञान सांगणारा स्वतः डबा उघडीत नसतो. निर्णय कुटुंबानें केला. रातकिड्यांच्या डब्यांत रोज गाजराचा तुकडा आणि कोथिंबिरीची काडी घालण्याचें काम त्यांनीं आपण होऊन पत्करलें. "मारायचेच आहेत तर उपाशी कशाला मारतां?" असें त्या म्हणाल्या. पुढें पुस्तकांत पाहिलें तों पोसलेला रातकिडा कोळ्यासही अधिक पौष्टिक असतो, असें लिहिलेलें. आम्हीं तें त्यांना सांगितलें नाहीं. त्यांची दया त्यांनीं तशीच ठेवावी हें बरें.

पहिल्या वर्षीं आश्विनापासून तिनें खाणें सोडलें. एक आठवडा, चार आठवडे, नऊ आठवडे. अवधूताच्या गुरूंत अजगरही आहे. आपोआप जें मिळेल त्यावर राहणारा, न मिळालें तर पडून राहणारा. तें वर्णन आम्हीं तरुणपणीं ऐकलें होतें, पण निरिच्छ प्राणी घरांत असला म्हणजे घरच्यांची काय अवस्था होते तें कोणत्याही पुराणिकानें सांगितलें नव्हतें. पोटावर केस उडविल्यामुळें झालेली एक उघडी जागा होती, ती गुलाबीची काळसर झाली. हें कात टाकण्याचें लक्षण, हें ठाऊक असूनही मनुष्य रोज जाऊन पाहतो. मग पौषांत एका संध्याकाळीं नातीनें किंकाळी फोडली. ती पाठीवर उताणी पडली होती, आठही पाय वर.

हाच तो प्रसंग, ज्यांत नवशिक्यांच्या हातून अनेक कोळी मरतात. कोळी मेला असें समजून तो उलटा करतात, पाणी मारतात, किंवा सरळ केरांत टाकतात. वस्तुतः मरणारा कोळी बहुधा पालथाच असतो आणि पाय पोटाखालीं मुठीप्रमाणें मिटून घेतो. कारण त्याचे पाय लांब होतात ते आंतील द्रवाच्या दाबानें, आणि तो दाब गेला कीं ते मिटतात. उताणा पडलेला कोळी कात टाकण्याच्या तयारींत असतो. हें सर्व आम्हीं नातीस समजावून सांगितलें, आणि तिनें विचारलें, "आजोबा, पण अडकली तर?" अडकूं शकते. पाय कातींत अडकून मरूं शकते. आणि त्यांत आपल्याला करतां येण्यासारखें जवळजवळ कांहीं नाहीं. हात लावला तर वांचणारीही मरेल, कारण नवें अंग लोण्यासारखें मऊ असतें. नऊ वर्षांच्या मुलीस हें सांगणें सोपें नव्हतें. आम्हांस त्या वेळीं मुंबईंतील एका इस्पितळांतील दाराबाहेरचें बांक आठवलें. आंत आमच्या मातुश्री होत्या, आणि तेथेंही करण्यासारखें कांहीं नव्हतें. आम्हीं दिवा मंद केला. आजी, आजोबा आणि नात तिघें जमिनीवर सतरंजी टाकून बसलों. दोन तासांनीं पाठीचें कवच झांकणासारखें सुटलें. मग एक लय सुरू झाली. थोडें ओढणें, बराच वेळ स्तब्धता, पुन्हां थोडें ओढणें. मध्यरात्रीच्या सुमारास हातमोजे काढावे तसे सर्व पाय मोकळे झाले. शेजारीं एक रिकामा कोळी पडला होता, नखांसकट, डोळ्यांच्या कांचांसकट. आणि त्याच्या बाजूस दुसरा, ओलसर, कुरळ्या केसांना नवी चमक आलेला. विषाचे दांत हस्तिदंतासारखे पांढरे होते. ते कठीण होऊन काळे पडेपर्यंत पुढें बरेच दिवस तिला कांहीं द्यावयाचें नसतें, नाहींतर रातकिडाच तिला इजा करतो. नात केव्हांच झोंपली होती. आमच्या कुटुंबानें मात्र शेवटपर्यंत पाहिलें. उठतांना त्या म्हणाल्या, "बाई सुटली." बाळंतिणीविषयीं बोलतात त्या स्वरांत.

ती कात आम्हीं कापसावर ठेवून डबींत जपली आहे. भिंगाखालीं धरली असतां तिच्यावरून नर-मादी ठरवितां येतें. आमची मादीच, हें त्यावरून पक्कें झालें. दुकानदाराचा शब्द खरा निघाला, आणि पावतीमागचा हिशेबही.

"तिला आपण ओळखूं येतों का?" हा नातीचा प्रश्न अजून मधून मधून येतो. आम्ही नाहीं म्हणून सांगतों. कांहीं लोक सांगतात कीं आमचा कोळी आम्हांस ओळखतो, हातावर शांत बसतो. शांत बसतो तो बहुधा उष्ण व सपाट जागा मिळाली म्हणून, किंवा भिऊन. तिच्या दृष्टीनें आम्ही म्हणजे कधीं कधीं होणारा एक कंप आणि पडणारी एक छाया. नातीस हें उत्तर पहिल्यानें आवडलें नाहीं. आतां तिनें त्यावर स्वतःचें एक उत्तर काढलें आहे; ती म्हणते, "पण मी तिला ओळखतें." यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. पूर्वीं ती पेटीपुढें पांच मिनिटें बसत नसे. आज अर्धा तास बसते आणि उठून वहींत एक ओळ लिहिते. 'पाणी प्यायली.' 'उजव्या बाजूस माती लोटली.' 'कांहीं केलें नाहीं.' शेवटचें वाक्य वहींत सर्वांत अधिक वेळां आलें आहे.

यंदा आम्हीं मृत्युपत्र नवें करून घेतलें. वकिलाच्या मतें कायद्याच्या दृष्टीनें ती जंगम मालमत्ता ठरते. तेव्हां घड्याळ, पुस्तकें आणि पितळी समई यांच्या खालीं तिची नोंद झाली. वकिलानें नांव विचारलें. नांव ठेवलेलें नाहीं म्हटल्यावर त्यानें शास्त्रीय नांव अक्षर अक्षर विचारून घेतलें, त्यापुढें 'मादी, एक' असें लिहिलें, आणि वारसदार अल्पवयी असल्यामुळें मधल्या काळांत ताबा कोणाकडे, असें विचारलें. आम्ही उत्तर देण्याच्या आंतच शेजारच्या खुर्चीवरून आमचें कुटुंब म्हणालें, "माझ्याकडे. दुसऱ्या कुणाला जमायचें नाहीं. घरांत सगळे सारखे टिचक्या मारतात."